नाल्याच्या पुलाजवळ डबी लपवायची असेल तर

जिओकॅशिंग म्हणजे काय हे गावात समजावून सांगणं म्हणजे डोक्याला ताप आहे, तरी सांगतो. कोणीतरी एक डबी लपवतो, तिचे अक्षांश-रेखांश या खेळाच्या वेबसाइटवर टाकतो, बाकीचे मोबाइलच्या जीपीएसवर ती शोधतात, आतल्या कागदावर नाव-तारीख लिहितात अन् डबी होती तशीच ठेवून देतात. बस. बक्षीस-बिक्षीस काही नाही. मे २००० मध्ये अमेरिकन सरकारने जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम घातलेली चूक बंद केली, अन् एक-दोन दिवसांतच ओरेगॉनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या माणसाने एक बादली लपवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला, तिथून हे सगळं सुरू झालं.

आता आमचा अमरावती जिल्ह्यातला दर्यापूर तालुका. डोंगर नाही, किल्ला नाही, नजर जाईल तिथपर्यंत सपाट काळी जमीन. लपवायला जागा काय, तर पूल. पुराचं पाणी शेतात घुसू नये म्हणून आमचा नाला जेसीबीने खोल करून सरळ केलाय, दोन्ही बाजूला मातीचे बांध, अन् त्यावर कुठे नळ्यांचा पूल, कुठे स्लॅबचा, कुठे नुसता रपटा, म्हणजे पाणी वरून जाईल असा ठेंगणा सिमेंटचा रस्ता. पुण्याचा मित्र आला तो चुंबकवाल्या डब्या घेऊनच आला, कारण शहरात लोखंडी रेलिंगला चिकटवली की काम झालं. इथं काय सिमेंटच्या नळीला चिकटवतो? बुडणाऱ्या पुलांना बहुतेक रेलिंग नसतेच, असली तर पुरातला कचरा तिच्यात अडकतो अन् पाण्याचा सगळा जोर पुलावर येतो.

जागा ठरवायच्या आधी बाभळी बघा. मी खरंच सांगतो, नकाशाबिकाशा नंतर. फांद्यांत पऱ्हाट्या, पन्न्या, एखादी फाटकी चिंधी अडकलेली दिसते ना, तिथपर्यंत पाणी चढलं होतं. डबी त्याच्या वरच पाहिजे, मग कितीही सोपी होऊ द्या. अन् इथं कोरडं ऊन असलं तरी भरवसा नाही, वर मेळघाटात जोराचा पाऊस झाला की पाणी खाली येतंच, त्यात नाला सरळ केलेला, वळणंच नाहीत, त्यामुळे ते रेंगाळत नाही. पावसाळ्यात डबी साइटवर तात्पुरती बंद ठेवायची सोय असते, ती वापरा.

स्लॅबखाली जीपीएसही वेड्यासारखं करते. आकाश दिसत नाही, सिग्नल भिंतीवर आपटून येतात, बाण घडीत या काठावर घडीत त्या काठावर. म्हणून अक्षांश-रेखांश उघड्यावर उभं राहून घ्यायचे, अन् हिंट नीट लिहायची. बाजूच्या पुलावर आणखी एक ठेवायची असेल तर दोन डब्यांत १६१ मीटर अंतर लागते, तोही नियम आहे.

पण खरा प्रश्न पाण्याचा नाहीच, माणसांचा आहे. मी पुलाच्या कठड्याच्या फटीत बोटं घालून बघत होतो तर शेळ्या घेऊन एक आजी आली.

"काय हारपलं बाप्पा?"

"काही नाही आजी, डबी शोधून राहिलो."

"कायची डबी? सोन्याची?"

दहा मिनिटांत चार जण जमा. एकाने तर सरळच विचारलं, गुप्तधन काढून राहिले काय? हसू नका, आपल्याकडे गुप्तधनाच्या नावाखाली काय काय झालंय ते पेपरात वाचतोच आपण, तेव्हा लोक संशय घेतात ते बरोबरच आहे. मी डबी काढून उघडून दाखवली, होमिओपॅथीच्या गोळ्यांची साधी डबी, आत गुंडाळलेला कागद. आजीच्या नातवाने त्यावर स्वतःचं नाव लिहिलं तेव्हा कुठे गर्दी पांगली.

त्यामुळे अंधारात जाऊ नका, बाजूच्या शेतवाल्याला आधी सांगा, जमलंच तर पोलीस पाटलाच्याही कानावर घाला. जमीनमालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय खड्डा खणणं तर खेळाच्या नियमातच बसत नाही, कोणी फावडं घेऊन आला तर तो आपला माणूस नाही समजा. अन् इकडे येणार असाल तर पेन नको, पेन्सिल आणा, दमट कागदावर पेन उठत नाही, आणि पाऊस पडून गेला असेल तर चांगले बूट घरीच ठेवा.