ग्लासगोच्या पोटातला दोर

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची भुयारी रेल्वे, म्हणजे सबवे. तिच्या हिलहेड स्टेशनच्या फलाटावर गाडी दिसायच्या आधी वारा येतो. बोगद्यातली हवा गाडी पुढे रेटत आणते आणि ती थेट आपल्या तोंडावर आदळते. गाडी आली आणि माझा सहा फुटी भाचा सवयीनं मान वाकवून आत शिरला. आपल्या लोकलचे रूळ साडेपाच फूट रुंद. इथे जेमतेम चार. बोगद्याचा व्यासही अकरा फूटच. नवीकोरी गाडी, पण ती बांधायची १८९० च्या दशकात खणलेल्या बिळाच्या मापानं!

हे बीळ खणणाऱ्या ग्लासगो डिस्ट्रिक्ट सबवे कंपनीचा इतिहास मी येण्याआधी वाचला होता, म्हणूनच किल्ले-चर्च बाजूला ठेवून पहिला दिवस सबवेला दिला. कंपनीला १८९० मध्ये संसदेची परवानगी मिळाली, पुढच्या वर्षी खोदकाम सुरू झालं आणि १४ डिसेंबर १८९६ ला गाड्या सुटल्या. साडेदहा किलोमीटरचं वर्तुळ, पंधरा स्थानकं, क्लाइड नदीच्या खालून दोनदा जायचं. लंडन आणि बुडापेस्टनंतर जगातली तिसरी भुयारी रेल्वे. नदीखालचं काम फार जिवावरचं होतं. पाणी आत येऊ नये म्हणून बोगद्यात दाबाची हवा भरून माणसं खणत होती आणि कधीकधी तीच हवा नदीचा तळ फोडून वर उसळायची.

पण मला ओढ होती ती दोराची. हो, ही गाडी दोरावर चालायची!

रिव्हरसाइड म्युझियममध्ये जुना डबा आहे. लाकडी, जाळीच्या सरकत्या दाराचा. त्याच्याजवळ मी बराच वेळ रेंगाळले. आजोळी विहिरीवर मोट होती, बैल उतारावरून चालले की नाडा ताणला जायचा आणि पाण्यानं भरलेली मोट वर यायची. इथे बैलांच्या जागी स्कॉटलंड स्ट्रीटवरची वाफेची इंजिनं होती आणि नाड्याच्या जागी दीड इंच जाडीचा पोलादी दोर. आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन वर्तुळांना दोन दोर, प्रत्येक सुमारे अकरा किलोमीटर लांब. दोर रुळांच्या मधून, कप्प्यांवरून दिवसभर एकसारखा पळत राहायचा. चालक डब्याखालच्या चिमट्यानं तो पकडायचा की डबा निघाला. स्टेशन आलं की चिमटा सोडायचा, ब्रेक लावायचा. दोर कुणासाठी थांबायचा नाही. आणि थांबलाच, तर त्या वर्तुळातले सगळे डबे एकदम उभे.

गंमत म्हणजे डब्यात विजेचे दिवे होते! लंडनमध्ये १८९० पासून विजेवर भुयारी गाडी धावत होती. तरी या कंपनीनं वीज घेतली ती दिव्यांपुरती आणि ओढायला दोर. मला त्यांना मूर्ख म्हणवत नाही. रस्त्यावर दोराच्या ट्राम तेव्हा बऱ्याच शहरांत चालत होत्या, हे तंत्र पारखलेलं होतं. नदीखाली उतरून पुन्हा चढायचं तर दोराचा भरवसा जास्त वाटला असणार.

पहिल्या दिवशी एका पेनीत लोक चकरांवर चकरा मारत राहिले. रात्री नदीखाली डब्यांची टक्कर झाली, माणसं जखमी झाली आणि सबवे बंद पडली ती १९ जानेवारी १८९७ पर्यंत. कंपनी त्यातूनही उठली. तिला खरं नमवलं ते वरच्या रस्त्यानं. १८९८ पासून नगरपालिकेच्या ट्राम विजेवर यायला लागल्या, घराच्या जवळ थांबायच्या, जिने उतरायला नको. १९२२ मध्ये कंपनीनं गाड्या बंद केल्या. १९२३ मध्ये त्याच नगरपालिकेनं सबवे विकत घेतली आणि १९३५ मध्ये दोर काढून वीज आणली.

गोव्हनला उतरले तेव्हा आणखी एक गोष्ट आठवली. १९७७ मध्ये नूतनीकरणासाठी सबवे बंद होईपर्यंत बोगद्यातून इथल्या दुरुस्तीच्या कारखान्यात जायला रूळच नव्हते. डबा दुरुस्तीला न्यायचा तर क्रेननं खड्ड्यातून अलगद वर उचलायचा, काम झालं की पुन्हा खाली सोडायचा. ऐंशी वर्षं!

शेवटी शील्ड्स रोडला उतरून स्कॉटलंड स्ट्रीटवर गेलो. समोर वास्तुकार मॅकिंटॉशनं बांधलेली देखणी शाळा आहे, सगळे तिचेच फोटो काढतात. मी पाठ फिरवून दोराच्या इंजिनघराकडे बघत होते. याच जागेवरून दोन दोर १९३५ पर्यंत सगळ्या शहराखाली पळत होते. भाचा घड्याळ बघायला लागला.

परत फलाटावर आलो. मधे फलाट, दोन्ही बाजूंना रूळ.

"मावशी, इनर की आउटर? हिलहेडला दोन्ही जातात."

"जी लांबून जाते ती," मी म्हटलं.