सर आणि किस्तियाकोवस्की

हीरक महोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं समितीचं पत्र आलं आणि लेझीम, स्नेहसंमेलन, सहली सगळं मागे पडून एकच माणूस डोळ्यांपुढे उभा राहिला. आपल्या शाळेत नुसतं 'सर' म्हटलं की रसायनशास्त्राचेच. नाव कशाला लिहू?

सर मुंबईच्या अमेरिकन सेंटरच्या ग्रंथालयातून पुस्तकं आणत आणि नववीच्या पोरांना अमेरिकेच्या पहिल्या अणुबॉम्बवर काम केलेल्या जॉर्ज किस्तियाकोवस्की या रसायनशास्त्रज्ञाची गोष्ट सांगत. अणुबॉम्ब म्हटला की लोकांना ओपेनहायमर आणि गीता आठवते, आमच्या वर्गाला दहा डॉलर. १६ जुलै १९४५ च्या ट्रिनिटी या जगातल्या पहिल्या अणुचाचणीआधी किस्तियाकोवस्कींनी ओपेनहायमरशी पैज मारली होती: बॉम्ब फुटला नाही तर माझा महिन्याचा पगार, फुटला तर तुमचे दहा डॉलर. स्फोटाच्या धक्क्याने हा गडी आडवा झाला, उठला आणि आधी पैसे मागितले. ओपेनहायमरचं पाकीट रिकामं!

बॉम्बच्या पोटातला प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकाच क्षणी दाबायचा, त्यासाठी स्फोटकांचे ओतीव ठोकळे लागत. ठोकळ्यात हवा अडकली की दाब वाकडा. हे शिकवायला सरांनी मेणबत्त्यांचे तुकडे बीकरमध्ये वितळवून काडेपेटीच्या खोक्यांत ओतले. थिजल्यावर एक ठोकळा ब्लेडने कापला, तर मधोमध पोकळी. दुसरा दिव्यासमोर धरला. "त्यांच्याकडे एक्स-रे होता, आपल्याकडे साठचा बल्ब." ठिपका दिसला तिथे तापवलेलं दाभण खुपसलं आणि ड्रॉपरने पातळ मेण सोडलं. चाचणीच्या आधल्या आठवड्यात किस्तियाकोवस्कींनी हेच केलं होतं, खऱ्या स्फोटकात, दाताच्या डॉक्टरचं ड्रिल घेऊन. दुसऱ्याला असलं काम सांगवेना म्हणून रात्रभर स्वतःच बसले. हे सांगताना सरांचा आवाज चढायचा.

कुणी 'रशियन शास्त्रज्ञ' म्हटलं की सर थांबवत. जन्म १९०० चा, युक्रेनमधल्या कीव्हजवळच्या बोयार्कातला. वडील बोहदान कायद्याचे गाढे अभ्यासक. पोरगा बोल्शेविकांविरुद्ध लढला, १९२० मध्ये देश सुटला. बर्लिनला रसायनशास्त्रज्ञ बोडेनस्टाइन यांच्याकडे डॉक्टरेट, १९२६ मध्ये प्रिन्स्टन, पुढे हार्वर्ड. १९५९ मध्ये तो राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा विज्ञान सल्लागार झाला. १९६० मध्ये आयझेनहॉवरनी त्यांना लष्कराचा अणुयुद्धाचा आराखडा तपासायला ओमाहाच्या लष्करी मुख्यालयात धाडलं. एकेका लक्ष्यावर गरजेपेक्षा कितीतरी जास्त बॉम्ब मांडलेत, असं त्यांनी परत येऊन स्पष्ट सांगितलं. व्हिएतनामवरून १९६८ मध्ये पेंटॅगॉनशी संबंध तोडले आणि उरलेलं आयुष्य अण्वस्त्रांविरुद्ध घालवलं. १९८२ च्या डिसेंबरात ते गेल्याचं सरांनी रेडिओवर ऐकलं. त्या दिवशी संयुजेचा धडा राहिला, तासभर हेच.

मी आज तळोज्याच्या एका रसायन कारखान्यात सुरक्षा विभाग सांभाळतो. नव्या पोरांना जोखमीचं काम देण्याआधी एकदा स्वतः करून बघतो. त्यावरून साहेब लोक हसतात, हसोत. आमच्या विभागाला बक्षिसंही मिळालीत, पण तो विषय वेगळा.

मध्यंतरी शाळेत डोकावलो. प्रयोगशाळेच्या जागी डिजिटल वर्ग झालाय. टायट्रेशन पडद्यावर दाखवतात म्हणे! ब्युरेटची चावी हाताने फिरवल्याशिवाय पोरांना काय कळणार? मागच्या खोलीत ओटा आणि नळ अजून आहेत. तिथे छोटी का होईना, प्रयोगशाळा पुन्हा उभारा आणि तिला सरांचं नाव द्या. महोत्सवाच्या सभेत ठराव कुणीतरी मांडा. पहिले अकरा हजार माझे.