केराचा आठवडा

गुरुवार, १२ फेब्रुवारी २०२६. मखमलाबाद, नाशिक.

सुट्टीचा अकरावा दिवस. सकाळी चुलतभावाचा मुलगा आला होता. त्याला आम्ही राहतो तिथेच, जर्मनीतल्या श्टुटगार्टला, एमएससाठी अर्ज टाकायचाय. "आत्या, खरं सांग, तिकडे कसं आहे?" म्हणाला. बिचाऱ्याने नेमकं नवरा शेजारी बसलेला असताना विचारलं. या प्रश्नावर आमच्या घरात नऊ वर्षं दोन पक्ष आहेत, आणि दोघांनाही मतदार हवेच असतात.

नवरा सुटलाच. त्रेसष्ट युरोचं तिकीट काढलं की महिनाभर जर्मनीभर फिर, फक्त लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या सोडून. पाचला ऑफिस सुटलं की साडेपाचला माणूस जंगलात. पाण्याची रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली तरी पंचवीस सेंट परत मिळतात! हे बाटलीचं तो दरवर्षी सांगतो, आणि दरवर्षी तेवढ्याच कौतुकाने. वर, "अरे, आपल्या मायको सर्कलचं मूळ गावच ते. मायको म्हणजे बॉशच, आणि बॉश १८८६ साली तिथेच निघाली. नाशिककराला परकं कसं वाटेल?"

मग मी. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो. भाड्याचं घर बघायला गेलं की घरमालकच आपल्याला बघतो, पगाराच्या स्लिपा मांडून, मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तसा. रविवारी दुकानं बंद. काचेची बाटलीसुद्धा रविवारी डब्यात टाकायची नाही, आवाज होतो म्हणून. आणि केअरवोखं.

हे त्याला नीट समजावून सांगावं लागलं. पहिल्याच वर्षी एका सोमवारी आमच्या दाराला छोटी पाटी लटकलेली दिसली. म्हणजे या आठवड्यात जिना, पॅसेज आणि पुढचा फुटपाथ झाडायची पाळी आपली. आठवडा संपला की पाटी पुढच्या दाराला. शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मी चमकलेच. केर! श्टुटगार्टात येऊन केरच काढायचा होता तर मखमलाबादचं अंगण काय वाईट होतं? तळमजल्यावरच्या आजी कठड्यावरून बोट फिरवून धूळ बघायच्या आणि बोट माझ्यासमोर धरायच्या. बोलायच्या काही नाहीत, नुसतं बोट. त्या बोटाने मला जेवढं रडवलं तेवढं सासूने नाही.

एक गोष्ट मात्र मी भाच्याला सांगितली नाही. इकडे यायच्या आदल्या आठवड्यात वरच्या मजल्यावर नव्याने आलेल्या पोराला मीच दारात उभं करून सांगितलं, जिन्याचे कोपरे राहिलेत. जर्मनमध्ये, व्याकरणासकट.

भाचा गोंधळून गेला. माझे वडील, अण्णा, ओट्यावर बसून सगळं ऐकत होते. ते म्हणाले, "अर्ज टाक बाबा. ही रडते म्हणजे तिथे राहता येत असणार."

अण्णांना कळणारच. रडगाण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मला कळायला लागल्यापासून दर वर्षी ऐकतेय, "यंदा काही खरं नाही, बाग तोडून टाकायची." २०१० साली तर खरंच तशी वेळ आली होती. द्राक्षात सीसीसी या वेलीची वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपातल्या बंदरांवर कंटेनर अडकले, आणि ज्यांचा माल त्यात होता त्यांचे चेहरे मला अजून आठवतात. अण्णा महिनाभर कुणाशी धड बोलले नाहीत. ऑक्टोबर आला तसे कात्री घेऊन गोडी छाटणीला, म्हणजे फळासाठीच्या छाटणीला, उभे. तोंडाने तेव्हाही "तोडून टाकायची"च चालू होतं. गेल्या वर्षी मेमध्येच पाऊस लागला तो दिवाळीपर्यंत हटला नाही, घड कमी लागलेत. दुपारी बागेत गेलो तर म्हणाले, "काही खरं नाही," आणि पानं बाजूला करून एकेक मणी मापाच्या रिंगमध्ये बसतो का ते बघत पुढे सरकले. मी मागून दोन ओळी चालले. तेवढ्या वेळात चार वेळा "काही खरं नाही" झालं आणि एक वाकडी झालेली काडी तारेला बांधून झाली.

नवरा कधीच तक्रार करत नाही, याचं मला पूर्वी फार कौतुक होतं. आता थोडा संशय येतो. त्याचं "अजून पाच वर्षं, मग नाशिक" हे आम्ही गेलो त्या वर्षापासून चालू आहे. दिंडोरीकडे एकर-दोन एकर घ्यायचं, हेही. पाच वर्षांसाठी आलेल्या पाहुण्याला चहात साखर कमी पडली तर तो कशाला बोलेल? २०२४ पासून जर्मनीत पाच वर्षांतच नागरिकत्वाला अर्ज करता येतो. तो अर्ज भरून माझ्या कपाटात पडून आहे, या कुरकुर करणारीच्या. सही तेवढी बाकी. भारताचा पासपोर्ट सोडावा लागेल, आणि परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं त्या ओसीआय कार्डावर शेतजमीन विकत घेता येत नाही. वारशाने आली तर चालते. हे वाक्य मी वाचलं तेव्हा फॉर्म मिटून ठेवला होता. अण्णांना यातलं काही माहीत नाही.

संध्याकाळी भावाबरोबर नाशिकरोडला मावशीकडे निघालो. द्वारका चौकात चाळीस मिनिटं अडकलो. पुढे रिक्षा, मागे ट्रक, शेजारच्या बसवाल्याचा हात हॉर्नवरून उठेना. भाऊ महापालिकेपासून सगळ्यांचा उद्धार करत होता. मी खिडकी खाली केली. कुठूनतरी भजी तळल्याचा वास येत होता, छान वाटत होतं. "असू दे रे," मी म्हटलं, "कुंभापर्यंत होईल सगळं नीट."

त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं.

"तुला काय," म्हणाला, "तू चाललीस अठ्ठावीसला."