पालकाची सही
"काका, मुलाला नाही आणलं का सोबत?" नागपूरच्या सीताबर्डीतल्या अभ्यासिकेत फॉर्म मागितला तर काउंटरवरचा पोरगा म्हणे. म्हटलं बापा, मीच बसणार आहे, सीएमए इंटरला, म्हणजे कॉस्ट अकाउंटंटच्या मधल्या परीक्षेला.

फॉर्मच्या खाली 'पालकाची सही' असा रकाना. पोरगा जरा अडखळला, मग एकदम सिरियसली म्हणतो, "काकूंची घेऊन या ना."

हसलो तिथं. पण ऑफिसात दिवसभर तेच डोक्यात, कारण पास व्हायला प्रत्येक पेपरला ४० टक्के अन् पेपरांच्या ग्रुपमध्ये एकूण ५० हे गणित मी करीन कसंही, पण रोज संध्याकाळी मी इथं येऊन बसणार म्हणजे पोराचा होमवर्क, आईच्या गोळ्या सगळं बायकोच्याच अंगावर, अन् तिला विचारलंय कोणी?

नोकरी सांभाळून परीक्षा दिलेल्यांनो, खरं सांगा, तेव्हा घरचं दळण कोण आणत होतं?