रात्री तीनला वाचली जाणारी ऑर्डर

नव्या इंटर्नला निदान बरं जमतं. कोरी ट्रीटमेंट शीट समोर आली की मात्र पेन अडतं. पुस्तकात पाठ करायला एक यादी असते: वॉर्ड, निदान, प्रकृती, नाडी-बीपी, हालचाल, नर्सिंग, आहार, अ‍ॅलर्जी, तपासण्या, सलाइन, औषधं. पाठ करावी, काही सुटत नाही. पण ही ऑर्डर, म्हणजे वॉर्डासाठी लिहिलेली सूचना, वाचणार कोण, हे त्या यादीत नसतं. वाचते रात्रपाळीची सिस्टर, भरलेल्या वॉर्डात, आणि तेव्हा लिहिणारा डॉक्टर कॅज्युअल्टीत अडकलेला असतो.

म्हणून ‘बीपी बघा’ ही ऑर्डरच नव्हे. ‘दर ४ तासांनी बीपी, वरचं ९० च्या खाली गेलं किंवा लघवी सलग २ तास ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी झाली तर कळवा’, ही झाली ऑर्डर. ऑक्सिजनचंही तेच. बहुतेकांना रक्तात ९४ ते ९८ टक्के पुरे. सीओपीडीच्या, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराच्या पेशंटला ८८ ते ९२. त्याला शंभरावर ठेवलं तर रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून तो गुंगतो, आणि वॉर्डात सगळे म्हणतात, चला, झोप लागली एकदाची.

‘एसओएस’, म्हणजे ‘लागलं तर द्या’, हा तर आळसाचा राजमार्ग. पॅरासिटामॉल एसओएस म्हणजे किती तापाला, किती अंतराने? धडधाकट वजनाच्या मोठ्या माणसाला एका वेळी १ ग्रॅमपर्यंत, किमान ६ तासांच्या अंतराने, दिवसात ४ ग्रॅमच्या वर नाही, हे सगळं त्याच ओळीत यायला हवं. दुखण्यावरच्या दोन औषधं एकत्र असलेल्या गोळीत पॅरासिटामॉल आधीच असेल तर तेही हिशेबात धरायचं.

आकड्यांत सगळ्यात वाईट टिंब. ‘१.०’ मधलं टिंब पुसट झालं की १० होतात; शून्याशिवाय लिहिलेलं ‘.५’ सरळ ५ वाचलं जातं. इन्सुलिनच्या आकड्यापुढे इंग्रजी ‘यू’ काढला की तो शून्यासारखा दिसतो आणि ४ चे ४० होतात. ‘युनिट’ पूर्ण लिहावं. शिवाय आपल्याकडे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिटची व्हायल (औषधाची बाटली) असते आणि १०० चीही. चाळीसची सिरिंज लाल टोपीची, शंभरची नारिंगी. चाळीसच्या सिरिंजने शंभरच्या व्हायलमधून ‘१०’ ओढले तर पोटात २५ जातात.

पोटॅशियमची ऑर्डर घाईत लिहू नये. १० मिलिलिटरच्या नेहमीच्या अँप्यूलमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) पोटॅशियम असतं. ते थेट शिरेत कधीच नाही, हृदय बंद पडतं. एक अँप्यूल ५०० मिलिलिटर सलाइनमध्ये, बाटली नीट हलवून, २ तासांच्या आत नाही. ‘सावकाश’ असं लिहिणाऱ्याने सावकाश म्हणजे किती, तेही लिहावं. मिलिलिटरला २० थेंबांच्या सेटवर ४ तासांत ५०० मिलिलिटर म्हणजे मिनिटाला साधारण ४२ थेंब.

आहाराची ओळ सगळे उडवून लावतात. इंदुरात ते परवडत नाही. ‘सॉफ्ट डाएट’ लिहिलं की अटेंडर पोहे घेऊन येतो, कारण पोहे मऊच असतात, आणि वर मूठभर शेव. हार्ट फेल्युअरच्या पेशंटला ‘मीठ कमी’ एवढं लिहून भागत नाही. ‘शेव, लोणचं, पापड बंद’ असं लिहावं आणि तोंडानेही सांगावं. मराठी घरातली मधुमेही आजी असेल तर ‘आजी, या आठवड्यात उपास आहे का?’ हेही विचारावं. संकष्टी चतुर्थीला ती चंद्रोदयापर्यंत काही खाणार नाही आणि जेवणाआधीचं इन्सुलिन मात्र वेळेवर टोचलं जाईल. ‘ताट समोर आल्यावरच द्या’ हे चार शब्द तिथे फार कामाचे.

एमवायला, म्हणजे इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, धार, झाबुआ, खरगोनहून पेशंट येतात. सोबतची चिठ्ठी आधी वाचावी: पहिला डोस तिकडेच गेलेला असतो. घरच्या गोळ्या पिशवीसकट मागवाव्यात, पुड्याही. प्रत्येकीपुढे ‘चालू’ किंवा ‘बंद’ लिहावं. नुसतं मौन राहिलं तर बीटा-ब्लॉकर, हे एकदम थांबवू नये असं हृदयाचं औषध, अचानक तुटतं.

आणि दुसऱ्या दिवशीचं ‘सीएसटी’, म्हणजे कालचंच पुढे. त्यात ऑपरेशन रद्द होऊनही पेशंट एनबीएमच, म्हणजे तोंडाने काही न घेता उपाशीच, राहतो. अँटिबायोटिकपुढे दिवसाचा क्रमांक घालायची पद्धत याचसाठी आहे. ‘दिवस ३’ लिहिताना हात थांबतो, कल्चरचा, म्हणजे जंतूंच्या तपासणीचा, रिपोर्ट शोधला जातो, आणि राउंडला सर विचारतातच: हे अजून कशासाठी चालू आहे?