बारा व्होल्टचा ॲम्प आणि उलटी पिन

गणपतीच्या दिवसांत बुधवार पेठेतल्या माझ्या दुकानात श्वास घ्यायला फुरसत नसते. मंडळांचे मिक्सर, फाटलेले स्पीकर, माइकच्या तुटक्या वायरी. त्या गर्दीत अकरावीतला एक मुलगा पाठीला गिटार लावून आला. हातात प्लायवूडच्या खोक्यात स्वतः बनवलेला छोटा ॲम्प, गिटारचा आवाज मोठा करणारा.

"काका, नुसती गुंईऽऽ येते, तेवढी घालवून द्या. संध्याकाळी मंडळाच्या स्टेजवर वाजवायचंय, गायचंही आहे."

खोकं उघडलं. आत एलएम ३८६ आयसी, आवाज वाढवणारी छोटी चिप. सोल्डरिंग इतकं स्वच्छ की मनापासून कौतुक वाटलं. मग सप्लायकडे नजर गेली आणि पोटात गोळा आला. सर्किटला घरच्या लाइटपासून वेगळं ठेवणारा ट्रान्सफॉर्मरच नव्हता. एक मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, चार डायोड, एक झेनर आणि तिथून टू-पिनची वायर थेट २३० व्होल्टमध्ये.

"बाराच व्होल्ट आहेत काका, मी मीटरवर बघितलेत."

बरोबरच होतं त्याचं. प्लस-मायनसमध्ये बाराच होते. पण मायनस आणि जमीन यांच्यात किती आहेत? हे मोजायचं असतं, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि गिटारच्या तारा तर त्या मायनसलाच जोडलेल्या असतात. जॅकमधून ब्रिजवर, म्हणजे तारा टेकतात त्या धातूच्या पट्टीवर, आणि ब्रिजवरून तारांवर.

गिटार लाकडी टेबलावर ठेवली, त्याला दोन पावलं मागे उभं केलं. मीटर एसीवर. एक प्रोब अर्थिंगला, दुसरा क्लिपने तारेला. पिन लावली, बटण दाबलं. किरकोळ आकडा आला. त्याचा चेहरा खुलला. बटण बंद करून मी पिन काढली, उलटी फिरवून लावली, पुन्हा बटण दाबलं.

२२८.

पिन एका बाजूने बसली की फेज, म्हणजे शॉक देणारी वायर, कपॅसिटरमधून येते आणि मायनस न्यूट्रलजवळ, म्हणजे जवळपास जमिनीच्याच व्होल्टला राहतो. उलटी बसली की कपॅसिटर न्यूट्रलच्या वाटेवर जातो आणि फेज डायोडमधून थेट तारांवर. टू-पिनला सुलटं-उलटं कळत नाही. घरी तीन आठवडे तो वाजवत होता. पिन सुलट बसली असेल, किंवा पायात चप्पल असेल, पलंगावर बसला असेल. स्टेजवर मात्र पावसाने भिजलेला मांडव, हात तारांवर आणि ओठ अर्थिंग झालेल्या माइकला. करंटची वाट छातीतून. दहा मिलिअँपच्या आसपास हात आखडतो, सोडवता येत नाही. ओल्या अंगातून २३० व्होल्टला त्याच्या कितीतरी पट वाहतो. १९७२ साली ब्रिटनमधल्या स्वान्सीला लेस हार्वे हा गिटारवादक भर स्टेजवर शॉकनेच गेला, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून. हे मी त्याला सांगितलं. सांगायलाच हवं होतं.

सहा पेन्सिल सेलचा होल्डर बसवून दिला. नऊ व्होल्ट, जमिनीशी काही संबंध नाही. गुंईही गेली. पुढे ॲडाप्टर घेतलास तर चौकोनात चौकोन ही दुहेरी इन्सुलेशनची खूण असलेला, चांगल्या कंपनीचाच घे, म्हटलं.

तो बराच वेळ त्या सप्लायकडे बघत होता. मग हळूच म्हणाला, "काका, दुपारी माझी धाकटी बहीण वाजवते यावर. अनवाणीच असते."

मी कटर उचलला आणि टू-पिनची वायर बोर्डापाशी कापून टाकली.