छाटणी कधी असते?

सातपूरला कंपन्यांना कामगार पुरवणाऱ्या एका ठेकेदाराच्या ऑफिसात मी बसते. सोमवारी आमच्याकडे जत्रा असते. आयटीआयवाले, बारावी नापास, सुपरवायझरशी भांडून बाहेर पडलेले, सगळे सकाळी नऊपासून जिन्यावर.

त्यातलाच हा एक. तिशीच्या आतला, नव्या शर्टाची घडी अजून मोडलेली नाही. बायोडेटात २०१८ ते २०२२ यासमोर एकच शब्द होता, शेती.

"कुठे?"

"निफाडला. द्राक्षं."

माझं माहेर निफाडचं. सहज विचारलं, "छाटणी कधी घेता?"

"जूनमध्ये... पावसाच्या आधी."

मी पेन खाली ठेवलं. तो बराच वेळ टेबलाच्या कडेकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाशिकरोडला होतो, मॅडम."

"प्रेसमध्ये?" नाशिककराच्या तोंडून पहिलं हेच येणार, नोटा तिथेच छापतात.

"नाही. जेलात."

सिडकोतलं भांडण, टपरीपुढचं. याने रॉड उचलला, समोरच्याचा हात मोडला. भादंवि ३२६, म्हणजे हत्याराने गंभीर दुखापत, पाच वर्षं शिक्षा. माफीचे दिवस धरून जरा आधी सुटला. सुटल्यावर दोन ठिकाणी खरं सांगितलं, दोन्हीकडून "कळवतो" आलं. तिसरीकडे शेती सांगितली, काम मिळालं. तीन आठवड्यांनी पोलीस पडताळणीचा कागद आला आणि त्याच संध्याकाळी गेटपास काढून घेतला.

आता याला काय सांगायचं? २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने अवतार सिंग प्रकरणात माहिती लपवण्याबद्दल निकाल दिला. खटला सरकारी नोकरीचा होता. लपवलं तर नोकरी जाऊ शकते. आणि शिक्षा झाल्याचं खरं सांगितलं तरी घ्यायचं की नाही हे मालकाच्या हातात. म्हणजे खरं बोलणाऱ्याला बक्षीस असं काही नाहीच. पण खोटं बोलून लागलेल्या माणसाला रोज गेटवर धडधड होते, ती तरी वाचते.

मी म्हटलं, "मालक समजून मला सांग बघू."

त्याने सुरुवात केली ती समोरच्याने आईवरून शिवी दिली तिथून. मग मित्र पळाले, वकील पैसे खाऊन बसला, वडील कोर्टाच्या तारखांना झिजले. दहा मिनिटं झाली तरी हा टपरीपुढेच उभा. सगळं खरं असेलही, पण ऐकणाऱ्याला वाटतं, हा अजून भांडतोच आहे. मी ते कापत गेले. शिवी काढली तेव्हा तो चिडला, वकील काढला तेव्हा गप्प बसला. वडिलांपाशी मीच अडखळले. तरी काढले.

उरली तीन वाक्यं. "मी भांडणात एकाचा हात मोडला. शिक्षा भोगून आलो. आत सुतारकाम शिकलो, ते मला येतं."

शेवटचं वाक्य बायोडेटात कुठेच नव्हतं. चार वर्षं जेलच्या कारखान्यात रंधा मारलेला माणूस, आणि कागदावर शेती!

अंबडला पॅकिंगची लाकडी खोकी बनवणारे एक ओळखीचे आहेत, त्यांना फोन लावून त्याच्याच हातात दिला. तीन वाक्यं बोलताना दोनदा आवाज फुटला, पण टपरीकडे काही वळला नाही. मग फोन परत माझ्याकडे आला.

"ताई, माझ्याकडे पटाशा-करवती सगळं उघडं पडलेलं असतं."

"तिथेही असायचंच की."

पलीकडे जरा शांतता. "पाठवा उद्या. आठ दिवस बघतो. पडताळणीचं आधीच करून घ्या, मागून लफडं नको."

त्याने माझंच पेन घेऊन 'शेती' खोडलं. वर लिहिलं, 'सुतारकाम, नाशिकरोड.' जेल हा शब्द काही लिहिला नाही. मीही म्हटलं, तेवढं असू दे, तोंडाने सांगतोयस ना.

दारापर्यंत जाऊन परत वळला. "ताई, ती छाटणी खरंच कधी असते?"

"एप्रिल आणि ऑक्टोबर."

"दोनदा?" म्हणाला, आणि पहिल्यांदा हसला.